मुळशीकरांना बॅले कशाला?

‘बॅले’ हा शब्द उच्चारला की आपल्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. झारच्या दरबारात वाढलेली ही कला, पायाच्या अंगठ्यांवर तोल सावरणाऱ्या गोऱ्या नर्तिका, हजारो रुपयांची तिकिटे आणि मुंबईतील मूठभर धनिकांचा प्रेक्षकवर्ग एवढेच चित्र त्या शब्दाभोवती जमलेले आहे. म्हणून एखाद्या बॅले-मंडळीने अभिजात आणि समकालीन अशा दोन्ही नृत्यरचनांचा संमिश्र कार्यक्रम मुळशीसारख्या तालुक्यात करावा, त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, अशी सूचना कोणी केलीच, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुळशीच्या शेतकऱ्याला बॅले कशाला? त्याला रस्ता हवा, पाणी हवे, मुलाला नोकरी हवी. हा प्रश्न वरवर पाहता आपल्याच बाजूचा वाटतो. परंतु तो नीट तपासला तर त्याच्या पोटात श्रमिकांविषयीची एक जुनी तुच्छता दडलेली आढळते. श्रमिकाला भूक आहे हे मान्य, पण त्याला डोळे आहेत हे मान्य नाही, असा त्याचा अर्थ होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची उलट तपासणी करावयाची आहे.

प्रथम देण्याघेण्याचा हिशेब पाहू. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटांनी धरण बांधावयास घेतले तेव्हा मावळ्यांनी त्याला विरोध केला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आदींनी तो लढा चालवला. ५२ गावांचा प्रश्न होता. आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरे, घरे, देवळे, स्मशाने पाण्याखाली जाणार होती. स्त्रिया आणि मुले धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. धरण थांबले नाही. त्या पाण्यावर १९२७ साली सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथे वीजनिर्मिती सुरू झाली. १९१५ चे खोपोली, १९२२ चे भिवपुरी आणि हे भिरा या तीन केंद्रांतून निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना, ट्रामगाड्यांना आणि दिव्यांना मिळाली. पूर्वेकडे वाहून भीमेला मिळणारे पाणी बोगद्यांतून कोकणात उतरले आणि त्याची ताकद तारांवरून मुंबईला गेली.

मुंबईची वीज आज मुख्यतः औष्णिक केंद्रांतून येते आणि जलविद्युतीचा वाटा त्या मानाने लहान आहे, हे खरे. परंतु ज्या दशकांत मुंबई हे आधुनिक रंगभूमीचे, चित्रपटाचे आणि नृत्याचे शहर म्हणून उभे राहिले, त्या दशकांत तिच्या रंगमंचावर पडलेल्या प्रकाशात मुळशीच्या खाचरांचा हिस्सा होता. हा अलंकार नव्हे, तारांच्या जोडणीचा साधा व्यवहार आहे. टाटांच्याच विश्वस्त निधीच्या आधाराने १९६९ मध्ये मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र स्थापन झाले. १९८० मध्ये नरिमन पॉइंटला त्याचे टाटा थिएटर उघडले. तेथे जगातील उत्तमोत्तम कलावंत येऊन गेले. ते यावेतच, त्याबद्दल आपली तक्रार नाही. तक्रार एवढीच की, तो प्रकाश एकाच दिशेने वाहत राहिला.

आता ज्याला संमिश्र कार्यक्रम म्हणतात तो काय आहे ते पाहू. युरोपात एकेकाळी संपूर्ण रात्रभर एकच कथा नाचून दाखवण्याची प्रथा होती. त्यासाठी पन्नास-साठ नर्तक, भव्य नेपथ्य आणि राजाचा खजिना लागे. १९०९ पासून दिआघिलेफच्या मंडळीने पॅरिसमध्ये एकाच संध्याकाळी तीन-चार छोट्या रचना सादर करण्याची पद्धत रूढ केली. त्यात एखादी जुन्या घाटाची असे, एखादी अगदी नवी, लोकांना चिडवणारी असे. याच पद्धतीचे छोटे तुकडे घेऊन ॲना पाव्हलोवा जगभर फिरली. १९२२ च्या दौऱ्यात ती भारतातही आली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तिने तरुण उदय शंकरला हाताशी धरून भारतीय विषयांवरच्या दोन रचना आपल्या कार्यक्रमात घातल्या आणि त्याला आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला. उदय शंकरने तो मानला. त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमांत एकीकडे शिव-पार्वती असत आणि दुसरीकडे, अल्मोड्याच्या केंद्रात तयार झालेली ‘लेबर अँड मशिनरी’ ही रचना असे. शेतावरून कारखान्यात खेचला गेलेला माणूस हळूहळू यंत्राचा भाग कसा होतो हे त्या रचनेत शरीरांच्या हालचालींतून दाखवलेले होते. ज्याच्या आजोबाचे खाचर धरणात गेले, बाप मुंबईच्या गिरणीत गेला आणि जो स्वतः पिरंगुटच्या कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून उभा आहे, त्या माणसाला ही रचना समजणार नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे?

संमिश्र कार्यक्रम ही काही परक्यांची मक्तेदारी नाही. आपल्या तमाशाची बांधणीच संमिश्र आहे. आधी गण, मग गौळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, नंतर बतावणी, आणि शेवटी वग. गौळणीत पुराण असते, पण त्या पुराणातला कृष्ण गवळणींना अडवून जकात मागतो तेव्हा प्रेक्षकाला आपल्या गावच्या नाक्यावरचा अंमलदार दिसतो. वगात राजा असतो, पण शिपायाच्या तोंडची भाषा आजची असते. म्हणजे जुने आणि नवे यांना एकाच फडात, एकाच ढोलकीवर समोरासमोर आणण्याची ही रीत मराठी शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली आहे. कोकणातल्या दशावतारात तर एकाच रात्री विधी आणि आख्यान, गांभीर्य आणि थट्टा इतकी सहज मिसळतात की परगावच्या समीक्षकाने गोंधळून जावे. अण्णा भाऊ साठे यांनी या बांधणीतला गण बदलला. गणपतीच्या जागी त्यांनी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना वंदन केले, गौळण गाळली. हा त्यांचा निर्णय कलेचा होता तसाच राजकारणाचाही होता. तो त्यांना घेता आला, कारण जुने रूप त्यांच्या हाडीमासी मुरलेले होते. ज्याला गण ठाऊकच नाही त्याने गण बदलला काय आणि न बदलला काय, सारखेच.

अभिजात आणि समकालीन यांचा संबंध असा आहे. समकालीन रचनेला अभिजाताची गरज पूर्वज म्हणून नमस्कार करण्यापुरती नसते. भांडायला समोर कोणीतरी तुल्यबळ हवा म्हणून असते. पाश्चात्त्य बॅलेतलेच उदाहरण घ्या. १८४१ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलेली ‘जिझेल’ ही अभिजातांतली अभिजात कृती मानली जाते. तिची कथा काय? वेष पालटून खेड्यात आलेला एक सरदार शेतकऱ्याच्या मुलीला फसवतो. तो मुळात कोण आहे हे कळल्यावर तिचे भान जाते आणि ती मरते. ही गोष्ट आपल्या खेड्यांना नवी आहे का? श्रीमंतांच्या प्रेक्षागृहात बसून लोक तिच्यातले धुके आणि पांढरे झगे पाहतात. खेड्यातला प्रेक्षक कदाचित तो सरदार आधी पाहील.

या संदर्भात मुंबईचा इतिहास आपल्याला अधिक ठाऊक असावयास हवा होता. २५ मे १९४३ रोजी मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची, म्हणजे ‘इप्टा’ची स्थापना झाली. १९४२ च्या लढ्यावरून कम्युनिस्टांशी आपला जो वाद झाला तो सर्वश्रुत आहे, आणि इप्टावर त्यांचाच प्रभाव होता. तरीही तेथे झालेल्या कामाचे मोल त्या वादाने कमी होत नाही. बंगालच्या दुष्काळाने देश हादरलेला असताना अंधेरीला इप्टाचे मध्यवर्ती पथक एका घरात एकत्र राहू लागले. अल्मोड्याहून आलेले शांती बर्धन त्याचे नृत्यदिग्दर्शक होते. पुढे रविशंकरही तेथे आले. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’, ‘इम्मॉर्टल इंडिया’ ही नृत्यनाट्ये त्या घरात घडली. आपल्या परंपरेतही याला समांतर धागा आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या नेत्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने इंडियन नॅशनल थिएटर उभे राहिले आणि त्या संस्थेने १९४७ मध्ये नेहरूंच्या ग्रंथावरून ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे नृत्यनाट्य सादर केले. त्यातही बर्धन आणि रविशंकर होते. मालवणचे पार्वतीकुमार याच संस्थेशी निगडित राहून मुंबईच्या जीवनावर ‘देख तेरी बंबई’ रचतात आणि तेच पुढे तंजावरच्या सरफोजी राजांच्या मराठी निरूपणांवर भरतनाट्यम उभे करतात. एकाच माणसाच्या आयुष्यात अभिजात आणि समकालीन यांचा संमिश्र कार्यक्रम झाला, असे म्हणावयास हरकत नाही. आश्चर्य एवढेच की मराठी वाचकाला त्यांचे नाव सांगताना आजही गाव सांगावे लागते.

बर्धनांनी १९५२ मध्ये मुंबईत लिट्ल बॅले ट्रूप ही स्वतंत्र मंडळी काढली. तिची पहिली मोठी कृती ‘रामायण’. ही कृती मी या विषयातला मध्यवर्ती पुरावा मानतो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. एका जत्रेत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ लागलेला आहे आणि त्या बाहुल्या रामायण सांगत आहेत, अशी तिची कल्पना. नर्तक जिवंत माणसे. पण ते बाहुल्यांसारखे, कोनाकोनांत मोडणाऱ्या अवयवांनी, मुखवटे घालून, जणू वरून कोणी दोरी ओढीत आहे अशा हालचाली करतात. राजा, राक्षस, वानर सर्वांचे मोठेपण बाहुलीच्या मापाचे होते. भक्तिभावाला धक्का लागत नाही आणि भाबडेपणाही उरत नाही. रामायण हे आपल्याकडचे सर्वांत अभिजात आख्यान आणि कळसूत्री बाहुली हे सर्वांत गरीब रंगभूमीचे साधन. त्या दोहोंच्या मिलाफातून जे घडले ते त्या काळच्या कोणत्याही युरोपीय प्रयोगाइतके आधुनिक होते. बहादुर खाँ यांचे संगीत आणि अप्पुणी कर्ता यांची वेषभूषा तिला लाभली. याकरिता अवाढव्य नेपथ्य लागले नाही. ती कुठल्याही गावच्या मांडवात उभी राहू शकत होती, आणि पुढे ती परदेशच्या नामांकित रंगमंचांवरही उभी राहिली.

क्षयाने बर्धनांचे एक फुप्फुस निकामी केलेले होते. गिरणगावाच्या चाळींत हजारोंना नेणारा हाच रोग. ‘पंचतंत्रा’तली मैत्रीची गोष्ट, म्हणजे कावळा, हरीण, उंदीर आणि कासव यांची एकमेकांना वाचवण्याची कथा, घडवीत असतानाच्याच काळात, १९५४ मध्ये, ते वारले. मंडळी मोडली नाही. त्यांच्या पत्नी गुल बर्धन, प्रभात गांगुली आणि सहकाऱ्यांनी ती चालवली. परंतु १९६४ मध्ये या मंडळीने मुंबई सोडली आणि ती ग्वाल्हेरला गेली. तेथून पुढे भोपाळला स्थिरावली. २०१० साली गुल बर्धन यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे मुंबईत जन्मलेली, कामगारांच्या आणि दुष्काळग्रस्तांच्या चळवळीतून वाढलेली एक बॅले-मंडळी मध्य प्रदेशाची सांस्कृतिक मालमत्ता झाली. महाराष्ट्र राज्य तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. १०५ हुतात्म्यांच्या रक्ताने मिळवलेल्या या राज्याला दोन डझन नर्तकांना तालमीला जागा देणे परवडले नसते काय? भूखंड वाटण्याच्या कामात आपल्या राज्यकर्त्यांचा हात कधीच आखडता नव्हता. लवासाची नगरी वसवण्यासाठी याच मुळशी तालुक्यातले डोंगर खुले झाले. हा ताजा इतिहास आहे.

या बाबतीत राज्यकर्त्यांना दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. आपल्या घरातही डोकावून पाहिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने ‘महाराष्ट्र दर्शन’ आणि ‘भारत दर्शन’ गावोगाव नेले. वसंत बापटांसारखा कवी त्याच्यासाठी राबला, पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके या पथकांतून वर आले, आणि स्मिता पाटीलने लहान वयात येथेच रंगमंचाची ओळख करून घेतली. सुधा वर्दे यांनी नृत्याची बाजू सांभाळली. त्यांची कन्या झेलम परांजपे ओडिसी नर्तकी झाली आणि मैत्रिणीच्या स्मरणार्थ तिने ‘स्मितालय’ काढले. कोळीनृत्य, भांगडा, गरबा यांना एका कार्यक्रमात ओवून देशाची ओळख करून देण्याची ती पद्धत संमिश्र कार्यक्रमाचीच होती आणि तिने हजारो मुलामुलींना, विशेषतः मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना, लोकांसमोर निर्भयपणे नाचावयास लावले. ही सामाजिक क्रांती लहान नव्हती.

पण मग ती परंपरा रोडावली का? कार्यकर्त्यांना रुचेल न रुचेल, मला वाटते ते सांगतो. आपण कलापथकाला सभेच्या आधी गर्दी जमवण्याचे साधन मानू लागलो. अध्यक्ष येईपर्यंत गाणे, अध्यक्ष आले की गाणे बंद. तालमीला वेळ नाही, पायाला शिस्त नाही, पण विषय पुरोगामी. तेव्हा टाळ्या वाजवा. हुंड्यावर एक, दारूबंदीवर एक, असे नाच बसवले गेले. त्यांत मुलींची मेहनत होती. दृष्टी मात्र उरली नव्हती. समकालीन म्हणजे केवळ विषय समकालीन, असा समज करून घेतला की कलेचा आणि विषयाचा दोघांचाही घात होतो. ज्या मुलीने एका जागी स्थिर उभे राहून नुसत्या खांद्याच्या हालचालीने डोक्यावरच्या हंड्याचे ओझे दाखवावयास शिकावे, तिच्या हातात आपण फलक दिला. आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी शास्त्रीय नृत्य निष्ठेने जपले, त्यांचे अरंगेत्रम शहरातल्या वातानुकूलित सभागृहांतून नातेवाइकांपुढे होऊ लागले. फाळणी पुरी झाली.

समाजवादी म्हणवणाऱ्या देशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो, आणि तो सरळसोट नाही. क्रांतीनंतर १९२२ मध्ये खर्चाच्या कारणाने मॉस्कोचे बल्शोय थिएटर बंद करावे, असे खुद्द लेनिनचे मत होते. शिक्षणमंत्री लुनाचार्स्कीने आग्रह धरून ते वाचवले. झारचा खजिना ज्या कलेवर खर्च झाला ती कला शेवटी मुझिकांच्या घामातून निघाली होती, ती त्यांची नाही तर कोणाची? हा युक्तिवाद आपण मुळशीच्या बाबतीत जसाच्या तसा करू शकतो. पण तोच सोव्हिएट देश १९३६ मध्ये शोस्ताकोविचच्या ‘ब्राइट स्ट्रीम’वर ‘प्राव्दा’तून तुटून पडला. सामूहिक शेतीवरचा तो हसराखेळता बॅले. त्यातले शेतकरी खऱ्यासारखे नसून गोड बाहुल्यांसारखे आहेत, असा आरोप झाला. प्रयोग बंद पडले आणि कथालेखक पिओत्रोव्स्की पुढच्या वर्षी गोळीला बळी पडला. सतरा-अठरा वर्षांनी आमच्याकडे एका क्षयग्रस्त माणसाने जाणूनबुजून माणसांना बाहुल्या केले आणि त्याला कोणी गोळी घातली नाही. लोकशाहीचे मोल असे मोजावे लागते. चीनने सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुने सारे बंद करून मोजक्या आदर्श कृतीच तेवढ्या चालू ठेवल्या. ‘रेड डिटॅचमेंट ऑफ विमेन’ हा १९६४ चा बॅले त्यांपैकी एक. तो वाईट होता असे नव्हे. पण दुसरे काही पाहावयासच मिळाले नाही तर चांगल्याचीही शिक्षा होते. याची दुसरी बाजू १९ ऑगस्ट १९९१ रोजी दिसली. मॉस्कोत रणगाडे उतरले तेव्हा दूरचित्रवाणीवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ पुन्हा पुन्हा दाखवले जात होते. अभिजात कलेचा पडद्यासारखा उपयोग करता येतो तो असा.

क्यूबाचे उदाहरण मला अधिक आशादायक वाटते, जरी तेथील एकपक्षीय राजवटीचे समर्थन आपण करणार नाही. १९५९ नंतर अलिसिया अलोन्सोच्या मंडळीला सरकारने पैसा दिला. ती मंडळी ‘जिझेल’ही नाचे आणि क्यूबन तालांवरच्या नव्या रचनाही नाचे, आणि हे सर्व कारखान्यांतून, शेतांवरून, बराकींतून. शाळा फुकट होत्या. एका ट्रकचालकाचा मुलगा, कार्लोस अकोस्ता, त्या शाळांतून शिकून लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक झाला.

आपल्याकडे असा मुलगा निर्माण होत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्यावर आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान याच्यावर आधारलेला ‘ये बॅले’ हा चित्रपट २०२० मध्ये निघाला. येहुदा माओर या परदेशी गुरूने त्यांच्यात काय आहे ते ओळखले. अमीरुद्दीनच्या शिक्षणासाठी लोकांकडून देणग्या गोळा कराव्या लागल्या. या कथेचा जो गौरव झाला तो मला थोडा अस्वस्थ करतो. गुणी मुलाला एक दयाळू गुरू भेटला, मग दयाळू देणगीदार भेटले, ही परीकथा आहे, शिक्षणव्यवस्था नव्हे. ज्यांना गुरू भेटला नाही त्या वेल्डरांच्या मुलांवर चित्रपट निघत नाही.

मुळशी तालुक्याकडे पुन्हा वळू. हा तालुका आता १९२१ चा मावळ राहिलेला नाही. पूर्वेला हिंजवडीत संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. लवळ्याच्या टेकड्यांवर खाजगी विद्यापीठे आहेत. तेथे नृत्य, नाट्य हे विषय पदवीला शिकवले जातात, आणि ते शिक्षण उत्तम असेल, परंतु त्याचे शुल्क भरण्याची ऐपत माल्याच्या किंवा ताम्हिणीच्या शेतकऱ्याला नाही. त्या आवारांच्या फाटकांवर त्याच गावांतली मुले पहारेकरी म्हणून उभी असतात. पश्चिमेला तळे आहे, पावसाळ्यात ते पाहायला येणाऱ्या मोटारी आहेत आणि त्या मोटारींना भजी-मक्याची कणसे विकणाऱ्या बाया आहेत. पुण्याला पाणी कमी पडू लागले की मुळशीचे पाणी पुण्याला द्या, अशी मागणी होते. वीज मुंबईला, पाणी पुण्याला, डोंगर बंगल्यांना. तालुक्याला काय?

म्हणून आपल्या तालुका समितीने पुढील मागणी घेऊन उभे राहावे असे माझे मत आहे. राज्य नाट्यस्पर्धा गेली सत्तर वर्षे भरवणाऱ्या शासनाने नृत्यनाट्याची एक पगारी, फिरती मंडळी पोसावी. तिच्या दरवर्षीच्या कार्यक्रमात निम्म्या रचना अभिजात असाव्यात, मग त्या ‘जिझेल’चा एक अंक असोत, सरफोजींची निरूपणे असोत वा बर्धनांच्या ‘रामायणा’चा पुनःप्रयोग असो, आणि निम्म्या अगदी नव्या. मंडळीने काय नाचावे हे मंत्र्याने किंवा आमच्या पक्षानेही ठरवू नये. आम्हाला ठरवावयाचे आहे ते एवढेच की तिने कोठे नाचावे. पहिला दौरा पौडपासून सुरू व्हावा. जलाशयाकाठच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत या मंडळीच्या नर्तकांनी वर्षातले काही आठवडे राहून मुलांना शिकवावे.

पैसा कोठून, असे विचारले जाईल. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृती आहे. परंतु कंपनीच्या फलकाखाली नाचणारी मंडळी आपल्याला नको. देणगीदार पाहुण्यांसाठी पुढच्या रांगा राखून ठेवल्या गेल्या की मांडव कोणाचा हे लगेच ठरते. वीजनिर्मितीवरचा हक्क म्हणून जिल्हा नियोजनाच्या निधीत वेगळी तरतूद मागावी, हे अधिक सरळ. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधले तेव्हा पैलवानाला नाटक कशाला असे त्यांना कोणी विचारले असेलही; ते बांधावयाचे थांबले नाहीत. केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाणारे ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले तेव्हा रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्यांत नटांइतकेच सामान्य कोल्हापूरकर होते.

काही व्यावहारिक गोष्टी कार्यकर्त्यांनी आधीच ध्यानात घ्याव्यात. मुळशीत आषाढ-श्रावणात पाऊस अनिवार असतो आणि लावणीच्या दिवसांत कोणालाही सवड नसते; तेव्हा प्रयोग भात घरात आल्यानंतर, मार्गशीर्ष ते फाल्गुन या काळात, शक्यतो गावच्या जत्रेच्या तारखांना धरून ठेवावेत. जत्रेतल्या तमाशाच्या फडाशी स्पर्धा करू नये. फडमालकाला विचारून, त्याचा खेळ सुरू होण्यापूर्वी किंवा दुसऱ्या रात्री प्रयोग करावा, आणि जमल्यास ढोलकीवाला त्याच्याकडचाच घ्यावा. जमिनीवर नर्तकांचे पाय मोडतात, म्हणून फळ्यांचा उसळता तक्तपोस लागतो. तो गावच्या सुताराकडून करून घेता येतो आणि त्याचे पैसे गावात राहतात. तिकीट असावे, फुकट काही ठेवू नये, पण ते तमाशाच्या तिकिटाहून अधिक नसावे. स्त्रियांसाठी दुपारचा एक प्रयोग स्वतंत्र ठेवावा, कारण रात्री परतण्याच्या एस. टी. गाड्या नसतात. आणि प्रयोगाच्या आधी भाषण ठेवण्याचा मोह आपल्यातल्या ज्येष्ठांनी आवरावा. फारच आवश्यक वाटले तर ते प्रयोगानंतर, ज्यांना थांबावयाचे असेल त्यांच्यासाठी ठेवावे.